जाब कुणी कुणाला विचारायचा?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



दरवर्षी या मांडवात मी अथर्वशीर्षाच्या आवर्तनाला असते, नाहीतर प्रसादाच्या रांगेत. माइकसमोर उभे राहण्याची ही पहिलीच वेळ. कार्यवाहांचा फोन आला, "काकू, तुम्ही अडतीस वर्षं सरकारी शाळेत शिकवलंत. त्यावर बोला." मी म्हटले, "अहो, आरतीनंतर आणि जेवणाआधी सरकारी शाळेवरचं भाषण कोण ऐकणार?" ते म्हणाले, "मोदक तुमच्या भाषणानंतरच वाढणार आहोत, कुणी उठणार नाही." तेव्हा आज आपण इतके जण बसून आहात याचे श्रेय कोणाचे, हे मला ठाऊक आहे.

सुरुवातीला एक छोटी हात-वर परीक्षा घेते. जुनी सवय, सुटत नाही. आपल्यापैकी ज्यांची मुले किंवा नातवंडे आज सरकारी शाळेत शिकतात, त्यांनी हात वर करावेत. ...खुर्च्यांमधून एकही नाही. मागे पंगतीची पाने मांडणाऱ्या बाईंनी मात्र हात वर केला, तो मी पाहिला. आता दुसरा प्रश्न. जे स्वतः जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा सरकारी शाळेत शिकले, त्यांनी हात वर करा. पाहा, पुढच्या चार रांगा तर जवळजवळ सगळ्याच! म्हणजे ज्या शिडीवरून आपण वर आलो, ती शिडी आजही उभी आहे. फक्त तिच्यावर आता आपली मुले नाहीत, दुसऱ्यांची आहेत. आजचे बोलणे त्या शिडीविषयी आहे.

माझ्याविषयी दोन शब्द. मी मूळची खानापूर तालुक्यातली. सातवीपर्यंत मराठी शाळा, पुढचे शिक्षण कन्नडमधून. टीसीएच करून १९८० साली सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले. यजमान बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात नोकरीला, म्हणून १९८९ साली बदली घेऊन इथे आले आणि २०१८ साली निवृत्त होईपर्यंत इथल्याच सरकारी शाळांत शिकवले. माझ्या एकेका वर्गात तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी बोलणारी मुले असायची. शिकवायचे मात्र कन्नडमधून. घरी मराठी, शाळेत कन्नड, आणि मधल्या सुट्टीत सगळ्या भाषांचे भांडण!

या अडतीस वर्षांत शिक्षणात सुधारणा काही थोड्या झाल्या नाहीत. १९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आणि पाठोपाठ १९८७ ची खडू-फळा मोहीम. त्यात आमच्यासारख्या शाळांना दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचे साहित्य मिळावे अशी योजना होती. १९९१ नंतर 'किमान अध्ययन क्षमता' आल्या. कोणत्या इयत्तेच्या मुलाला काय यायला हवे, याची यादीच. १९९४ च्या सुमारास जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. कर्नाटकात पहिल्या चार जिल्ह्यांत आमचा बेळगाव होता. २००१ पासून सर्व शिक्षा अभियान. त्याच वर्षी, डॉ. राजा रामण्णा यांच्या अध्यक्षतेखालील कार्यदलाच्या शिफारशींनंतर, कर्नाटकात प्रत्येक सरकारी शाळेत पालकांची 'शाळा विकास आणि देखरेख समिती' आली. तिला आम्ही सगळे एसडीएमसी म्हणतो. मग शाळाशाळांत बाहेरच्या चाचण्या सुरू झाल्या. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला.

यातली प्रत्येक गोष्ट चांगल्या हेतूने आली, हे मी मनापासून सांगते. पण २००० नंतर या सगळ्यात एक नवा शब्द सारखा कानावर पडू लागला, 'उत्तरदायित्व'. सोप्या मराठीत सांगायचे तर जाब. सरकार एवढा पैसा घालते, तर मुलांना वाचता का येत नाही, याचा जाब कुणीतरी द्यायला हवा. म्हणणे अगदी रास्त आहे. माझा प्रश्न एवढाच, की तो जाब कुणी कुणाला विचारायचा?

हा प्रश्न आपल्या मराठी माणसांना नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. वर्षातून एकदा येणाऱ्या तपासनिसाचा काही उपयोग नाही, दर तीन महिन्यांनी तरी शाळा तपासा आणि अधूनमधून न सांगता जा, असे त्यांनी सुचवले. पण त्याच निवेदनात गावातल्या मास्तराला किमान बारा रुपये पगार द्या, असेही म्हटले. म्हणजे एका हाताने तपासणी आणि दुसऱ्या हाताने पगार. १९११ साली नामदार गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, म्हणजे थेट सरकारलाच जाब विचारला. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. आणि १९१७ साली कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना महिन्याला एक रुपया दंड ठेवला. पण आधी गावोगाव शाळा काढण्याची जबाबदारी दरबाराने स्वतःच्या अंगावर घेतली.

या तिघांच्या मागण्यांत एक गोष्ट सारखी आहे. जाब विचारणाऱ्याने आधी स्वतः काय देणार ते सांगितले. आमच्या काळात ही जोडी तुटली. जाब खाली येत राहिला. मंत्र्यांकडून आयुक्तांकडे, तिथून उपसंचालकांकडे, मग बीईओ, मग मुख्याध्यापक, मग वर्गशिक्षिका. आणि वर्गशिक्षिकेच्याही खाली कोण उरते? ते दहा वर्षांचे मूल.

आता जे सांगणार आहे ते आजवर घरातल्या माणसांशिवाय कुणाला सांगितलेले नाही. शाळेचे नाव सांगणार नाही, आणि दोष शाळेचा नव्हताच, माझा होता.

त्या वर्षी माझ्याकडे पाचवीचा वर्ग होता. पटावर चौतीस मुले. शाळेच्या मागे एक मोठी इमारत उठत होती आणि तिथल्या बांधकाम मजुरांची मुले आमच्याकडे यायची. बरीचशी माणसे यादगीर, रायचूरकडची. त्यांतला एक मुलगा. त्याचे नाव घेत नाही. अंगापिंडाने बारीक, बोलायला चुरचुरीत. त्याची ती उत्तर कर्नाटकातली बोली मला खानापूरची म्हणून लगेच कळायची. इतर मुले त्याला हसायची, पण आमच्या दोघांचे चांगले जमायचे. सुगीला आईबाप गावाकडे गेले की तोही महिना-दीड महिना गायब. त्यामुळे वाचन कच्चे. जोडाक्षर आले की थांबायचा आणि माझ्या तोंडाकडे पाहायचा. तोंडी हिशोब मात्र असा की सिमेंटच्या पोत्यांचा भाव विचारा, चटकन सांगेल.

बाहेरची चाचणी जाहीर झाली. दुसरीकडचे तपासनीस येणार, प्रश्नपत्रिका देणार आणि शाळाशाळांचे निकाल बैठकीत वाचून दाखवणार. आमचे मुख्याध्यापक भला माणूस. ते एवढेच म्हणाले, "बघा मॅडम, शाळेच्या नावाचा प्रश्न आहे." याहून एक शब्द जास्त नाही. पुढचे मीच ठरवले. आदल्या दिवशी संध्याकाळी तीन मुलांना मी थांबवून घेतले. त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटले, "उद्या आला नाहीत तरी चालेल हं. परवा या." तिघेही खूश. सुट्टी कुणाला नको असते?

चाचणी झाली. एकतीस मुले बसली आणि निकाल चांगला लागला. बैठकीत आमच्या शाळेचे नाव घेतले गेले, टाळ्या झाल्या. त्या तिघांतले दोघे परवा आले. तो आला नाही. बापाला वाटले, शाळेनेच येऊ नको म्हटले म्हणजे आता गरज नाही. पोरगा हाताशी आला. दहा-बारा दिवसांनी मी मधल्या सुट्टीत त्या बांधकामावर गेले. तो खडीच्या ढिगाजवळ लहान बहिणीला कडेवर घेऊन उभा होता. मला पाहून त्याला आनंदच झाला. पळत आला आणि पहिला प्रश्न विचारला, "परीक्षे मुगीता, मिस?" परीक्षा संपली का?

त्याच्या मनात राग नव्हता. परीक्षा संपेपर्यंत यायचे नाही, असेच तो समजून होता. मी म्हटले, "संपली रे बाबा, उद्यापासून ये." दुसऱ्या दिवशी मी त्याची वाट पाहिली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी कळले की त्या मजुरांचे काम शहराच्या दुसऱ्या टोकाला लागले आणि सगळी टोळी रातोरात हलली. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मी पुढे किती तरी दिवस 'गैरहजर' लिहीत राहिले.

मी गणिताची शिक्षिका. आपल्याला साधा हिशोब सांगते. चौतीस मुलांतून सर्वांत कच्ची तीन वजा केली की वर्गाची सरासरी वाढते. एकाही मुलाला एक अक्षर जास्त न शिकवता वाढते. निकाल सुधारला, शाळा होती तिथेच राहिली आणि एक मूल कमी झाले. त्या दिवशीच्या टाळ्या आजही माझ्या कानात आहेत.

हे पाप माझे एकटीचे की त्या पद्धतीचेही, याचा मी बरीच वर्षे विचार केला. वाचू लागले, तेव्हा कळले की ही गोष्ट फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८६२ साली असा नियम झाला, की तपासनिसापुढे जितकी मुले वाचन, लेखन, गणितात पास होतील त्यावर शाळेचे अनुदान ठरणार. निकालावर पैसे. आपल्या मुंबई इलाख्यातही अनुदानाची हीच पद्धत पुढे आली. परिणाम काय, तर शाळा परीक्षेपुरतेच घोकून घेऊ लागल्या. मॅथ्यू अर्नोल्ड हा मोठा कवी स्वतः शाळा-तपासनीस होता. त्यानेच या पद्धतीवर कडक टीका केली. शेवटी इंग्लंडला ती सोडावी लागली.

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत, म्हणून तिथलेही सांगते. २००२ साली त्यांनी कायदा केला, कोणतेही मूल मागे राहू नये असा. नाव किती सुंदर! २०१४ पर्यंत सगळी मुले ठरलेल्या पातळीला आली पाहिजेत, आणि ज्या शाळा मागे राहतील त्यांच्यावर कारवाई. २०११ साली अटलांटा शहरात चौकशी झाली, तेव्हा चव्वेचाळीस शाळांत उत्तरपत्रिकांमध्ये फेरफार झाल्याचे बाहेर आले. त्यात शिक्षक होते, मुख्याध्यापकही होते. काहींना पुढे न्यायालयाने दोषी ठरवले. २०१५ च्या अखेरीस तो कायदाच बदलला. म्हणजे पैसा, यंत्रे, तज्ज्ञ सगळे असलेल्या देशातही माझ्यासारख्या बाया निघाल्याच.

आपल्याकडे हा खेळ निकालाबरोबर पटावरही चालतो. पटावर पद आणि पदावर पगार! २०११ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात तीन दिवस एकाच वेळी राज्यभर पटपडताळणी झाली. सुमारे वीस लाख मुले पटावर होती, पण वर्गात सापडली नाहीत. २०१६ साली तिथे असाही आदेश निघाला, की शिक्षकांनी दर सोमवारी मुलांसोबत सेल्फी काढून संगणकावर चढवावा. विरोध झाला आणि तो आदेश स्थगित झाला. गंमत पाहा, माझ्या हजेरीपटावर मूल होते आणि परीक्षेत नव्हते. तिथे परीक्षेची भानगडच नको, मूल नुसते पटावर! ज्या आकड्यावर बक्षीस किंवा शिक्षा अवलंबून असते, तो आकडा लोक नीट करतात. आकड्यामागचे मूल नीट करायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ कुणी देत नाही.

मग मोजूच नये का? नाही, माझे म्हणणे तसे मुळीच नाही. न मोजणे हे तर त्याहून मोठे पाप. मुले वर्षानुवर्षे बाकावर बसून राहतात आणि चौथीपाचवीत गेली तरी वाचता येत नाही, हे सत्य देशापुढे ठळकपणे आले ते मोजल्यामुळेच. माधव चव्हाण यांच्या 'प्रथम' संस्थेने २००५ पासून 'असर' ही पाहणी सुरू केली. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना दुसरीचा धडा वाचता आला नाही. पण या पाहणीची पद्धत लक्षात घ्या. पाहणी करणारे मुलांचे वाचन शाळेत नव्हे, घरी जाऊन तपासतात. तिथे मूल शाळेतले असो, शाळा सोडलेले असो की त्या दिवशी दांडी मारलेले, त्याला वाचायला देतात. कोणत्याही शाळेचे नाव जाहीर होत नाही, कोणत्याही शिक्षिकेला बैठकीत उभे करत नाहीत. म्हणून कुणाला मूल लपवण्याचे कारण राहत नाही. मी ज्याला घरी बसवले, तोही त्या मोजणीत सापडला असता.

दुसरे उदाहरण शेजारच्या आंध्र प्रदेशातले. २००५ पासून तिथल्या काही सरकारी शाळांत शिक्षकांना मुलांच्या प्रगतीवर बोनस देण्याचा प्रयोग झाला. दोन वर्षांनी त्या शाळांतली मुले गणितात आणि भाषेत इतरांपेक्षा पुढे दिसली. हे मी मुद्दाम सांगते, कारण बक्षीस दिले की सगळे बिघडतेच असे नाही. पण तिथे मोजली ती प्रगती, म्हणजे मूल कुठे होते आणि कुठे पोचले. चाचणीही बाहेरच्या माणसांनी घेतली. ज्या वर्गात कच्चे मूल पुढे सरकले की शिक्षिकेचे नाव होते, तिथे कच्च्या मुलाला घरी कोण बसवील? मोजण्याची पद्धत बदलली की माणसाची बुद्धीही बदलते.

आपल्या कर्नाटकातली दोन अलीकडची उदाहरणे देते, कारण ती आपण सर्वांनी वर्तमानपत्रात वाचलेली आहेत. २०२४ साली दहावीच्या, म्हणजे एसएसएलसीच्या, परीक्षेत वर्गावर्गात कॅमेरे लावले. आदल्या वर्षी ८३.८९ टक्के निकाल होता, तो ७३.४० वर आला, आणि तोही भरपूर ग्रेस गुण देऊन. उडुपी जिल्हा ९४ टक्क्यांनी पहिला, यादगीर ५०.५९ टक्क्यांनी शेवटचा. कॅमेरे लावले हे चांगलेच झाले, खोटे उघडे पडले. पण कॅमेरा वर्गात होता. यादगीरमध्ये शिक्षकांच्या जागा किती रिकाम्या आहेत, तिथले आईबाप सुगी संपली की मुलांना घेऊन बंगळूरला का येतात, हे दाखवणारा कॅमेरा कुठे होता? यादगीर हा शब्द वाचला की मला तो मुलगा आठवतो.

दुसरे उदाहरण पाचवी, आठवी आणि नववीच्या बोर्ड-परीक्षेचे. २०२४ च्या ६ मार्चला उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी ती रद्द केली. लगेच खंडपीठाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि ११ मार्चला परीक्षा सुरू झाली. १२ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने थांबवली. २२ मार्चला उच्च न्यायालयाने पुन्हा परवानगी दिली, राहिलेले पेपर झाले. ८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने निकाल रोखले. दहा-अकरा वर्षांच्या मुलांनी एका महिन्यात किती वेळा पुस्तक उघडले आणि मिटले असेल! न्यायालयात गेल्या होत्या त्या खासगी शाळांच्या संघटना. त्यांचा हक्क होता, त्या गेल्या. सरकारी शाळेतल्या मुलाच्या आईला मात्र पेपर आहे की नाही हे रोज सकाळी शाळेच्या फाटकावर येऊन विचारावे लागत होते.

याच ओघात पंचवीस टक्क्यांचेही सांगायला हवे. शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब मुलांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवल्या. कर्नाटकात प्रवेश सुरू झाले आणि आमच्या सरकारी शाळांचा पट घसरू लागला, कारण जे पालक जरा जागरूक ते आधी तिकडे गेले. सरकारने पुढे नियम बदलला. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेत त्या जागा मिळणार नाहीत. उच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. महाराष्ट्राने २०२४ च्या फेब्रुवारीत असाच नियम केला, तर मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो रद्द केला. एकाच कायद्याचे दोन राज्यांत दोन अर्थ! मी यात कोणाची बाजू घेत नाही. पण जागरूक पालक निघून गेला की शाळेला जाब विचारणारा माणूस जातो, आणि त्याला नुसता नियमाने परत आणता येत नाही. परत आलेल्या पालकासाठी शाळा चांगली करणे, ही त्या नियमाची दुसरी बाजू असायला हवी होती.

शिक्षकांना तरी आपण किती वेळ शिकवू देतो? कायद्याच्या २७व्या कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शिक्षणाबाहेरच्या कामाला लावू नये असे आहे. २०१५ च्या सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणाला मी स्वतः घरोघर फिरले आहे. २०२५ च्या सर्वेक्षणासाठी तर सरकारी शाळांची दसऱ्याची सुट्टीच १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवावी लागली. तुमच्या दारावर फॉर्म घेऊन आलेल्या बाईंच्या वर्गातली मुले त्या दिवसांत कुठे होती, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांना पडला?

आता मला ज्यांनी शहाणे केले त्या बाईंविषयी सांगते. त्या मुलाच्या घटनेनंतर तीन-चार वर्षांनी मी दुसऱ्या शाळेत होते. तिथल्या एसडीएमसीच्या अध्यक्षा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. स्वतःला सहीपुरती अक्षरे. पहिल्या बैठकीला आम्ही त्यांच्यापुढे निकालाचा तक्ता ठेवला, टक्केवारी समजावून सांगितली. त्यांनी तो कागद बाजूला सारला आणि म्हणाल्या, "मिस, हे मला कळत नाही. माझ्या मुलीला बसची पाटी वाचता येते का, तेवढं दाखवा."

मी गप्प झाले. मुलगी चौथीत होती. आम्ही तिला फाटकाबाहेर रस्त्यावर नेले. पहिली बस आली, मुलीने 'मेजेस्टिक' वाचले. आई म्हणाली, "ते तर मीही ओळखते, पाठ आहे. दुसरी वाचू दे." दुसरीला मुलगी अडली. तिसरीलाही. आई ओरडली नाही, मुलीवरही नाही आणि माझ्यावरही नाही. फक्त म्हणाली, "पुढच्या महिन्यात परत बघू." आणि खरोखर पुढच्या महिन्यात एक घर बुडवून परत आली.

बंधू-भगिनींनो, अडतीस वर्षांत माझी इतकी कडक तपासणी कुठल्याही अधिकाऱ्याने केली नाही! आणि या तपासणीत मला कुणाला लपवता आले नसते, कारण तपासणारीचे मूलच समोर होते. आम्ही दर महिन्याचा शेवटचा शनिवार वाचनाचा ठरवला. कुणी रेशन कार्ड आणायचे, कुणी औषधाची चिठ्ठी, कुणी विजेचे बिल. मुले वाचायची, आया ऐकायच्या. सगळ्या मुलांचे वाचन सुधारले असे मी म्हणणार नाही. पण कोण अडते आणि कुठे अडते, हे सगळ्यांना माहीत झाले, आणि त्या मुलाला घरी बसवण्याऐवजी पुढे बसवले जाऊ लागले.

त्याच बाईंनी एकदा विचारले, "मिस, तुम्ही मुलांचा हिशोब देता. मग मुलींच्या संडासाला पाणी नाही, त्याचा हिशोब कोण देणार?" त्या स्वतः चार आयांना घेऊन बीईओंकडे गेल्या, नगरसेवकाकडे गेल्या, पाच वेळा गेल्या. सहाव्या वेळी नळ आला. जाब खालून वर जाताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. शिक्षणहक्क कायद्याने अशा समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे म्हटले आहे, ते उगाच नाही. पण पुष्कळ शाळांत ही समिती रजिस्टरवरच असते. सह्या घ्यायच्या आणि चहा द्यायचा. कारण रोजंदारी बुडवून बैठकीला कोण येणार? आणि अर्ज कोण लिहिणार?

इथेच मला आपली आठवण येते. आपल्या मंडळाने दरवर्षी वह्या वाटल्या, दप्तरे वाटली, त्याबद्दल एक शिक्षिका म्हणून मी ऋणी आहे. पण आता आणखी थोडे मागणार आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. पहिली गोष्ट, उद्या घरी काम करायला येणाऱ्या बाईंना विचारा, तुमची मुले कुठल्या शाळेत जातात? आणि गेल्या आठवड्यात गेली होती का? दुसरी गोष्ट, आपल्या भागातल्या सरकारी शाळेच्या एसडीएमसीला एखादा अर्ज लिहून द्या, बैठकीचे इतिवृत्त वाचून दाखवा. त्यांच्या वतीने भांडू नका, त्यांना भांडता येते. फक्त कागद तयार करून द्या. निवृत्त माणसांनी महिन्यातला एक शनिवार तिथे जाऊन मुलांचे वाचन ऐकावे. शिकवू नका हो, नुसते ऐका. आणि तिसरी गोष्ट, पेपरात कोणत्याही शाळेचा शंभर टक्के निकाल वाचलात, तर टाळ्या वाजवण्याआधी एक प्रश्न विचारा. पटावर किती होती आणि परीक्षेला किती बसली? हा प्रश्न आपल्या नातवंडांच्या महागड्या शाळेलाही विचारा. नववीतून हलकेच 'दुसरी शाळा पाहा' म्हटलेली मुले तिथेही असतात.

लोकमान्यांनी घरातला गणपती चौकात आणला, तो लोक एकत्र यावेत आणि चार शहाणपणाच्या गोष्टी बोलल्या जाव्यात म्हणून. राजकारणात पडण्यापूर्वी तेही १८८० साली पुण्यात शाळाच काढायला निघाले होते, हे आपण विसरतो. गणपती विद्येची देवता. त्याच्यापुढे उभे राहून मी दरवर्षी एकच मागणे मागते. तो मुलगा आता तिशीच्या आसपास असेल. याच शहरात कुठे तरी असेल, कदाचित तुमच्या-आमच्या इमारतीची वीट त्याने उचललेली असेल. त्याला मूल असेल, ते शाळेच्या वयाचे असेल. त्या मुलाला परीक्षेच्या आदल्या दिवशी कुणी 'उद्या येऊ नको' म्हणू नये, एवढेच.

फार वेळ घेतला. तिकडे मोदक निवत आहेत आणि मागे ज्या बाईंनी हात वर केला होता त्या मघापासून पातेल्यावर झाकण धरून उभ्या आहेत. आज आपली पंगत त्या वाढणार आहेत. जेवण झाल्यावर निघताना त्यांच्या मुलाची इयत्ता मी विचारणार आहे. आपणही विचारावी.

गणपती बाप्पा मोरया!